आवतन दिलं, पण दार उघडलं नाही

आधीच सांगून टाकते — भूतबित, अंगात येणं, भानामती, यातलं मी काही मानत नाही. लग्नाआधी नेरला शाळेत विज्ञान शिकवायची मी. कुणी दाराला लिंबू-मिरची बांधलेली दिसली की पोट्ट्यांसमोर तोडायची अन् तेच लिंबू घरी येऊन वरणात पिळायची! या ग्रुपवरचे अनुभव वाचून हसणाऱ्यांतली मी. आता हसत नाही. घाबरले म्हणून नव्हे... लाज वाटते म्हणून. लिहून तरी मोकळी होते.

माझं सासर मारेगावहून आत गेलं की लागणारं एक लहान गाव. सासूबाई नाहीत. घरी एकटे मामाजी, म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात. अन् दुसरा त्यांचा लाल्या, म्हातारा बैल. त्याच्या जोडीतला बैल पान लागून, म्हणजे साप चावून, गेला. आता नांगरणी-वाही सगळी ट्रॅक्टरनं होते, पण लाल्याला विकायचं नाव काढलं की मामाजी जेवत्या ताटावरून उठतात. आमच्या ह्यांना जर्मनीत नोकरी लागली अन् लग्नाची हळद उतरायच्या आत आम्ही तिकडे गेलो.

घर मिळालं ते तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, अरुंद लाकडी जिना, अन् तो जिना पुसायची पाळी भाडेकरूंनी आपसात लावून घेतलेली. मला भाषा येत नव्हती. पहिल्याच आठवड्यात मी कचरा चुकीच्या डब्यात टाकला अन् खालच्या मजल्यावरच्या आजीबाई दारात येऊन बोट नाचवत काय काय बोलल्या! एक शब्द कळला नाही, पण रागवणं कोणत्याही भाषेत कळतंच की. तेव्हापासून मला सवयच लागली — हे कामावर असताना दाराशी कुणी आलं की शेगडी बंद करायची अन् घरात कुणीच नसल्यासारखं श्वास रोखून उभं राहायचं. वर्गात साठ पोट्ट्यांना गप्प बसवणारी बाई मी, अन् तिथं स्वतःच्याच घरात चोरासारखी!

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. पळसाच्या पानानं बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतात, शेकतात अन् त्याला जेवणाचं आवतन देतात. ज्या घरानं आवतन दिलं, त्या घरचा तो दुसऱ्या दिवशीचा पाहुणा. त्या संध्याकाळी मामाजींनी व्हिडिओ कॉल लावला. मोबाईल लाल्याच्या तोंडासमोर धरला अन् म्हणाले, "सूनबाई, लग्नानंतरचा पयला पोळा हाय तुया. यंदा आवतन तूच दे."

मला मस्ती सुचली. म्हटलं, "लाल्या, आज आवतन घे, उद्या जेवाले ये. पण इकडं ये बरं, जर्मनीले! तिसरा मजला, डाव्या हाताचं दार. लिफ्ट नाही, जिन्यानं ये!" वर मोबाईल फिरवून त्याला आमचं दार दाखवलं, स्वयंपाकघर दाखवलं. हे पोट धरून हसले. मामाजीही हसले, पण जरासे. म्हणाले, "अवं, आवतन देल्लं का तो येतेच. मंग पुरण शिजवून ठेवजो."

पुरण कुठलं! दुसऱ्या दिवशी दुपारी मी मॅगी करत होते. पोळ्याच्या सणाला मॅगी... माय ऐकती तर तिनं लाटणंच हाणलं असतं.

पाणी उकळत होतं अन् जिन्यात घुंगुरमाळ वाजली. वाटलं मोबाईलवर काही चालू राहिलं. पाहिलं, तर बंद. आवाज वर येत होता, हळूहळू — दोन पायऱ्या, थांबा... परत दोन पायऱ्या. प्रत्येक पायरीला लाकूड कुरकुरायचं. माझ्या डोक्यात एकच, आजीबाई काहीतरी जड ओढत भांडायला येऊन राहिल्या. मी शेगडी बंद केली अन् भिंतीला चिकटून उभी राहिले.

आवाज आमच्या दाराशी थांबला. बेल वाजली नाही. नुसता श्वास... मोठा, गरम, फुस्स करून सोडलेला. दाराच्या फटीतून वास आला, तुपाचा, हळदीचा अन् गोठ्याचा. मला वास कळला हो! शेतकऱ्याची लेक आहे मी, न कळायला काय झालं? तरी मी हलले नाही. मग दाराला मधोमध दाब आला, कडी करकरली. वैरणीला उशीर झाला की बैल कपाळानं फाटक लोटतो ना, तसाच दाब, जोराचा नाही, आपलेपणाचा. अन् मी तोंडावर हात दाबून उभी होते.

मग सगळं शांत झालं. घुंगरं जिना उतरताना वाजली नाहीत. नुसती थांबली.

संध्याकाळी हे आले ते आजीबाईंना सोबत घेऊनच. जिन्याच्या भिंतीला प्रत्येक वळणावर पिवळा तुपकट डाग, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, कुणी रुंद खांदा घासत वर चढावं तसा. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण त्या रागावल्याच नव्हत्या. ह्यांनी मला सांगितलं, त्या विचारत आहेत — दुपारी एवढं जड पाहुणं कोण आलं होतं? अन् बाई घरात होती, वर तिच्या पावलांचा आवाज येत होता, मग दार का उघडलं नाही?

मी बादली घेतली अन् रडत रडत जिना पुसला. हे म्हणत राहिले, कुणीतरी रंगाचा डबा नेला असेल, तू घाबरू नको. रंगाच्या डब्याला घुंगरं असतात का?

रात्री मामाजींचा फोन आला. आवाज उतरलेला. "लाल्यानं तोंड फिरवलं, बाई. पुरणपोळीचं ताट ठेवलं, हुंगलंबी नाही. दुपारपासून नुसता उभा होता, डोळे मिटून. मले वाटलं, गेला का काय..." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले. पोट ठीक, ताप नाही, म्हणाले वय झालं. मामाजीही धड जेवत नव्हते. लाल्याला काही झालं असतं तर घरात त्यांना बोलायला दुसरं कोण होतं?

मी चण्याची डाळ शोधून आणली, पुरण शिजवलं, ताट वाढलं अन् दार सताड उघडं टाकून उंबऱ्यात बसले. सलग काही दिवस बसले. कुणी आलं नाही. आजीबाई एकदा वर येऊन माझ्याशेजारी बसून गेल्या, पोळी खाऊन गेल्या. लाल्या आला नाही.

हळूहळू त्यानं कडबा तोंडात घ्यायला सुरुवात केली, असं कळलं. दिवाळीत ह्यांना सुट्टी मिळाली अन् आम्ही गावी आलो. आल्या आल्या मी मामाजींना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील, नाहीतर येडी म्हणतील. त्यांनी एवढंच विचारलं, "दार काहून नाही उघडलं वं, बाई?"

म्हटलं, "मामाजी, भेव वाटत होतं. तिथं सगळ्यांचंच भेव वाटते."

चुलीवर पोळ्या केल्या अन् ताट घेऊन गोठ्यात गेले. लाल्याच्या बरगड्या दिसत होत्या. मामाजींच्या हातची सरकीची ढेप त्यानं खाल्ली. ह्यांच्या हातचा चारा खाल्ला. मी ताट पुढं केलं, तर मागं सरला. मारायला नाही आला, फुसफुसला नाही. मान खाली घालून भिंतीकडं वळला. मी त्याच्या गळ्यात पडून रडले, "खाय ना रे बाप्पा, एक घास तरी खाय! माह्यावर राग काढून राह्यला काय?"

मामाजी मागं उभे होते. म्हणाले, "राग नाही वं तो. जनावर राग नाही धरत. लाजून राह्यला. त्याले वाटलं असन, आपलं आवतनच नव्हतं... आपण उगाच परक्याच्या दारात जाऊन उभं राह्यलो."

तेव्हापासून कितीदा गावी आले. आता तो फार थकला, उठायलाही आधार लागतो. बाकी सगळ्यांच्या हातचं खातो, माझ्या हातचं नाही.

मारेगावाकडच्या गोठ्यात उभा असलेला बैल जर्मनीत जिना कसा चढला, ते डाग कशाचे, आजीबाईंनी काय ऐकलं — विज्ञानाच्या बाईकडे याचं उत्तर नाही. तुमच्यातल्या कुणाकडे असेल तर सांगा, मी ऐकेन. पण खरं सांगू? मला त्या उत्तराची एवढी पडलेली नाही. मी रोज फोनवर त्याच्या कानाशी एकच गोष्ट सांगते, अन् तो रोज मान फिरवतो. त्याला हे कुणी पटवून देईल का... की लाल्या, तू चुकला नव्हता रे. घर बरोबर होतं.