उतरल्यावर आवाज द्यायचा

माघाचे दिवस होते आणि वैनगंगेवर धुकं बसलं होतं, तेव्हा माझी पाठवणी झाली. नवरा, सासरे, त्यांच्याकडची चार माणसं, माझी लोखंडी पेटी आणि तांदळाचं एक पोतं, एवढं सगळं काकांच्या डोंग्यात चढलं. काकांनी बांबू टेकला आणि बाबा काठावर उभे राहिले. मनोहर, तू तेव्हा मायजवळ घरी होतास. आपल्या घाटाची नदी बाबांइतकी कुणालाच ठाऊक नव्हती, पण त्या दिवशी बांबू त्यांनी आपल्या हातानं काकांना दिला. आपल्यात बाप आपल्या लेकीला स्वतः पार करत नाही. आदल्या दिवशी मी विचारलं, काहून असं? तर म्हणाले, "हात कह्यात राहत नाही वं. मधातूनच वापस फिरवीन मी डोंगा."

घाटाचा दुसरा रिवाज तुझ्या पोरींना ठाऊक नसेल, म्हणून लिहिते. जो पार जाईल त्यानं पलीकडे पाय टेकले की आवाज द्यायचा, "उतरलो हो!" आणि जो पोचवायला आला असेल त्यानं तो आवाज येईस्तोवर पाठ फिरवायची नाही. आवाज आला की गमछा वर करून दाखवायचा, मग घरी जायचं. नदी एवढी रुंद, की पलीकडचं माणूस दिसलं तरी ते कोण आहे ते कळायचं नाही. आवाज मात्र ओळखू यायचा. दुसरी एक गोष्ट बाबा सांगायचे, ती डोंगा चालवणाऱ्यासाठी. काठावरून कुणाची हाक कानावर आली, की डोंगा जागचा हलवायचा नाही. मग तो हाक मारणारा चालत येवो की रांगत येवो.

आणि घाटावर सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? माझा. तुला आठवत असेल, मी इकडून ओरडले की पलीकडची म्हातारी माणसं म्हणायची, आली ढिवराची पोट्टी. पलीकडून कुणी उतरल्याचं ओरडलं की मी ते गावभर पोचवायची. माय म्हणायची, "या कौसीच्या सासरचे कान फुटतील."

त्या सकाळी पलीकडे उतरले आणि माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

खरं सांगते, तोंड उघडलं होतं. पण पदर नाकापर्यंत होता, बाजूला सासरे उभे होते, त्यांचे भाऊ उभे होते. सासरे नुसते खाकरले आणि म्हणाले, "चल बाई, कटंगीहून तुमसरची बस निघून जाईल." नव्या नवरीनं नदीपार ओरडायचं म्हणजे त्यांच्या गावात वर्षभराच्या गप्पांची सोय झाली असती. मी तोंड मिटलं. धुकं विरळ झालं होतं. पलीकडे बाबांचा लाल गमछा दिसत होता, खांद्यावरच होता तो. बांबूच्या बेटाआड जाईपर्यंत मी दोनदा वळून पाहिलं. ते तसेच उभे होते.

आदल्याच साली राज्यं बदलली होती. तुमसर मुंबईकडे गेलं, आपण मध्यप्रदेशात राहिलो. घरी बाबा म्हणाले होते की नदी तीच आहे, काळजी करू नको. पण मी तुमसरलाही राहणार नव्हते. आमच्या ह्यांना मामाच्या ओळखीनं कोकणात एका बेटावर नोकरी लागली होती. लाँच लागते त्या धक्क्यावर तिकिटाची खोली, तिच्या मागे राहायची खोली, पुढे पत्र्याची शेड आणि घंटा. एवढा तो धक्का. तुमसरहून गाडीनं मुंबई, मुंबईहून बोटीनं तालुक्याचं बंदर, तिथून लाँचनं बेट. तीन दिवस लागले. पोचेपर्यंत मला कळलंच नाही की आपण किती लांब आलो.

पहिल्या रात्री खिडकीखाली पाणी खळखळत होतं. मला बरं वाटलं, म्हटलं घाटावरच आलो की. सकाळी उठून पाहते तर पाणी नाही. चिखल, चिखलात आडव्या पडलेल्या होड्या आणि खेकडे. मी ह्यांना गदागदा हलवलं, "उठा, नदी आटली, काहीतरी झालं." ते हसत सुटले. शेजारणी अजून त्यावरून हसतात. भरती-ओहोटी मी पुस्तकात वाचली असेल, पण आपलं पाणी असं घर सोडून जातं का कधी? आपल्याकडे पाणी एकाच दिशेनं जातं आणि जागेवरही असतं.

इथल्या लोकांनी मला लवकर आपलं केलं. भात खातात, मासे खातात, पाण्यावर जगतात, त्यामुळे तसं परकं काही नव्हतं. माझं 'मले-तुले' ऐकून पोरं हसायची, मला काहूनबाई म्हणायची. हळूहळू मीही 'मला-तुला' बोलायला लागले. आता तर रागावले तरच 'काहून' निघतं. पण माहेरी जाणं जमेना. धक्क्यावर हे एकटेच, बदली माणूस मिळायचा नाही, त्यात दोन बाळंतपणं. सहा वर्षं गेली. तुझ्या हातची पत्रं यायची, अर्धी हिंदीत. बाबा ठीक आहेत, धान बरं झालं. आवाजाचा विषय कुणी काढला नाही आणि मला विचारायची हिंमत झाली नाही. रोज लाँच सुटताना मला वाटायचं, बाबा त्या दिवशी किती वेळ उभे राहिले असतील?

मग एका सकाळी ह्यांना थंडीतापानं घेरलं आणि खिडकीत मी बसले. काम अवघड नव्हतं. तिकिटं फाडायची आणि वेळ झाली की घंटा द्यायची. घंटेशिवाय तांडेल लाँच सोडत नसे. त्या दिवशी शेवंती नावाची नुकतं लग्न झालेली मुलगी नवऱ्याबरोबर निघाली होती. तिची आई, सखूमावशी, पोचवायला आली नव्हती. बघवणार नाही म्हणून घरीच बसली होती. मी घंटेची दोरी धरली आणि वरच्या आळीतून हाक आली, "थांबवा गोऽ, थांबवा!"

मी दोरी सोडून दिली.

तांडेल ओरडला, पाणी उतरतंय, घंटा द्या. मी म्हटलं, हाक ऐकू आली आहे, आता कसं सोडायचं? तो म्हणाला, "अहो बाई, ओहोटी हाक ऐकत नाही." मी ऐकलं नाही. मावशी वयानं जड, उतार निसरडा, तिला यायला बराच वेळ लागला. ती आली, लेकीला धरून रडली, आणि मी मोठ्या ऐटीत घंटा दिली. लाँच घुरघुरली आणि जागेवरच राहिली. बूड चिखलाला टेकलं होतं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पुढची भरती दुपारनंतर. कुणाची कोर्टाची तारीख होती, कोळणीच्या टोपलीत मासे होते, एकाला दवाखाना गाठायचा होता. जो तो मला बोलून गेला आणि त्यांचं काही चुकलं नाही. तांडेल म्हणाला, "ही तुमची नदी नव्हे." हे तापानं फणफणत, घोंगडी पांघरून बाहेर आले आणि एकेकाची माफी मागत फिरले. मी चूल पेटवून सगळ्यांना चहा केला, दुसरं सुचेना. पुढे वरून जाब विचारला गेला, तेव्हा ह्यांनी लिहून दिलं की धक्क्यावरचं घड्याळ बंद पडलं होतं. घड्याळ चांगलं चालत होतं. मी म्हटलं, खोटं कशाला लिहिता? तर म्हणाले, "तू बस गप."

पण त्या दिवसाचं एक सांगायचं आहे. शेवंती आणि मावशी शेडमध्ये सहा तास बसल्या. आधी रडल्या, मग भांडल्या, मग शेवंती आईच्या मांडीवर डोकं ठेवून चक्क झोपली. मावशी तिच्या केसांतून हात फिरवत होती. दुपारी पाणी चढलं, लाँच उचलली आणि गेली. सगळे पांगले, मावशी मात्र धक्क्याच्या टोकाला उभी. मी म्हटलं, चला आता. ती म्हणाली, "भोंगा होऊंदे." अर्ध्या तासानं खाडीपलीकडून लाँचचे दोन भोंगे ऐकू आले. "पोचली," असं म्हणून ती वळली.

तेव्हा मला रडू फुटलं. सहा वर्षांचं होतं ते. मावशीला सगळं सांगितलं, घाट, डोंगा, सासऱ्यांचं खाकरणं. शेवटी ती म्हणाली, "मग जा आणि मार हाक. बाप आहे ना अजून?"

पुढच्या माघात मी दोन्ही लेकरं घेऊन निघाले. कटंगीकडून येऊन पलीकडच्या काठावर उभी राहिले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला, "डोंगाऽ हो!" तू आलास, मनोहर. मिशी फुटलेला, बांबू हातात. मी विचारलं, बाबा कुठं? तू म्हणालास, "घाटावरच बसून हायेत. पन त्याहिले आता आयकू येत नाही, बाई. हाक आयकू येत नाही त्यानं डोंगा कसा चालवाचा? म्हनून मले देला." तू सहज बोलून गेलास. मी डोंग्यात बसले आणि पूर्ण नदीभर मान वर केली नाही. एवढं लांबून जे द्यायला आले होते ते घ्यायला कानच उरले नव्हते.

बाबा बारीक झाले होते. गमछा तोच, विटलेला. माझ्या तोंडावरून हात फिरवत म्हणाले, "मोठ्यानं बोल." मी मोठ्यानं बोलले, ते नुसते हसले. लेकरांना मांडीवर घेऊन दिवसदिवस नदी दाखवत बसायचे.

एक दिवस धान पाखडता पाखडता माय म्हणाली, "तू गेली त्या दिवशी मी जेवनारच नोती. पन हे घाटावरून आले अन् म्हनाले, देला वं तिनं आवाज, चांगला मोठ्यानं देला. मंग जीवाले बरं वाटलं, दोन घास खाल्ले." माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. मायचं समाधान कशाला मोडायचं, म्हणून मी पुन्हा पाखडायला लागले. बाबा ओसरीत बसून दोरी वळत होते. त्यांना ताटकळत ठेवलं म्हणून सहा वर्षं मी झुरत होते आणि त्यांनी घरी येऊन माझी बाजू सावरून टाकली होती. पुन्हा कधी कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही.

निघायच्या दिवशी डोंगा तू चालवलास, म्हणून तुला हे आठवेल. धुकं नव्हतं, लख्ख ऊन होतं. बाबा काठावर उभे होते. पलीकडे कटंगीच्या बाजाराहून परतणारी माणसं डोंग्याची वाट पाहत होती, दोन शिकलेले मास्तर होते, त्यांच्या बायका होत्या. मी लेकरांना खाली उतरवलं, पदर कमरेला खोचला, तोंडाला दोन्ही हात लावले आणि ओरडले, "उतरली हो, बाबाऽ! उतरली!" मास्तर दचकले. धाकटा रडायला लागला. पलीकडे काही हललं नाही. मी पुन्हा ओरडले, घसा फाटेस्तोवर. आणि मग तो लाल गमछा खांद्यावरून निघाला आणि वर गेला. बराच वेळ वर होता.

आता घाटावर पूल झाला आहे. बस दोन मिनिटांत पार होते, कुणी कुणाला आवाज देत नाही. बाबा गेले, मागल्या साली मायही गेली, म्हणून हे सगळं आता लिहायला हरकत नाही. इथे माझी लेक लग्नाची झाली आहे. ती लाँचनं जाईल तेव्हा मीही भोंगा होईपर्यंत धक्क्यावर उभी राहीन. बेट माझं घर झालं आहे, खोटं कशाला बोलू? पण कुठेही पोचले, बसनं, लाँचनं, गाडीनं, की पाय टेकताना मनातल्या मनात 'उतरली' म्हणते, आणि ते त्या काठाकडे तोंड करून म्हणते. माझ्यापुरतं माहेर तेवढंच उरलं आहे आणि ते पुरतं.

त्या खेपेनंतर महिन्याभरानं तुझं पत्र आलं होतं. तुला आठवणार नाही, माझ्या पेटीत ते अजून आहे. तू लिहिलं होतंस: "तू गेली त्या दिवशी बाबा घाटावरून घरी आले आणि मायले म्हणाले, कौसीनं आवाज देला. मी जोरानं म्हटलं, बाबा, तुमाले तर सुनाई देत नाही. तर म्हणाले, ह्या खेपेले खराच आला. बाई, ह्या खेपेले म्हणजे काय ते मले समजलं नाही. तुले समजलं असन तर कळव."

कळवायला उशीर झाला, मनोहर.