नऊ टपाली मतं

भोसरीच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसात होतो; कामगारांची हजेरी, पाळ्या आणि ज्याचा त्याचा टोकन नंबर, सगळं माझ्याकडे. याद्या करायची खोड असल्यामुळे युनियनच्या निवडणुकीची मतमोजणी दर वेळी माझ्याच गळ्यात पडे. त्या वर्षी नऊ फिटर गिऱ्हाइकांकडे यंत्रं बसवायला परगावी गेले होते. त्यांची मतं टपालाने मागवायचं ठरलं.

पद्धत मीच आखली. मतपत्रिका छोट्या पाकिटात. ते पाकीट आणि सहीचा कागद मोठ्या पाकिटात. आधी मोठी पाकिटं फोडून सह्या तपासायच्या, मग छोटी पाकिटं पिसून उघडायची, म्हणजे कोणाचं मत कोणतं ते कळणार नाही. ओळख पटेल अशी खूण असलेलं मत बाद. हे सगळं टाइप केलं आणि रजेच्या अर्जापासून साबणाच्या चिठ्ठीपर्यंत सगळीकडे टाकायचो ते वाक्य सवयीने खाली टाकलं: ‘प्रत्येक कागदावर आपला टोकन नंबर लिहावा.’

कारखान्यातली मतं मोजून झाली तेव्हा जुने सेक्रेटरी एका वेल्डरपेक्षा चार मतांनी मागे होते. गेली बारा वर्षं ते युनियनच्या खोलीत पंख्याखाली बसत. हरले तर सोमवारी परत लेथवर.

“नऊच्या नऊ आपली माणसं,” ते म्हणाले. “फोडा, राव.”

मी पहिलं छोटं पाकीट फोडलं. फुली वेल्डरच्या नावापुढे, आणि कोपऱ्यात सुवाच्य टोकन नंबर.

“हे बाद. सूचना माझीच, तेव्हा उरलेल्या आठांवरही नंबर असणार.”

“वा! लिहायला तुम्हीच सांगायचं आणि बादही तुम्हीच करायचं!” सेक्रेटरी उसळले. “आणा इकडे.”

मतपत्रिका त्यांनी माझ्या हातातून ओढली आणि नंबर वाचला. तो त्यांच्या मेहुण्याचा होता. त्याला कारखान्यात चिकटवलं होतं यांनीच.

“भाऊ, मला सगळी मोजलेली चालतील,” वेल्डर म्हणाला. “एकेक नंबर मोठ्याने वाचू या की.”

सेक्रेटरींनी उरलेल्या पाकिटांकडे पाहिलं. त्यांत त्यांचा शेजारी होता, सख्खा भाचा होता.

“नियम म्हणजे नियम,” ते म्हणाले. “सगळी बाद करा. उघडूच नका.”

निकालावर सही करून ते माझ्याकडे वळले.

“सोमवारपासून मला पहिली पाळी लावा.”

“पहिलीत जागा नाही. दुसरीत आहे.”

“दुसरीत नको हो. मेहुणा परगावाहून आला की दुसरीतच असतो.”