गाडी डावीकडे काहून जाते

बाबांना मोटार चालवता येत नव्हती, तरी ती त्यांनीच घेतली. सिहोऱ्यात आमची धानाची शेती आणि मी तिथल्याच शाळेत मास्तर. ऐंशी सालानंतरची गोष्ट असेल. नागपूरहून त्यांनी एक जुनी पेट्रोलची गाडी आणली आणि तुमसरच्या मिस्त्रीकडून तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेतलं. तेव्हा पुष्कळ लोक तसं करत. डिझेलचं इंजिन जड, त्यामुळे गाडीचं तोंड खाली गेलं. मिस्त्रीने पुढची बाजू उचलून दिली. मागे धानाची पोती टाकायची म्हणून मागच्या दोन्ही कमानींत, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांत, एकेक पाटा वाढवला. गाडी दारात आली तेव्हा तिच्यात मूळचं थोडंच उरलं होतं. बाबांनी नारळ फोडला आणि चालवणाऱ्याच्या, म्हणजे माझ्या, शेजारची जागा कायमची धरली.

पंधरा दिवसांनी आवाज सुरू झाला. खालून कुठूनतरी एकच 'टक'. ब्रेक दाबला की एकदा, पुन्हा रेस दिली की एकदा. शिवाय गाडी डावीकडे ओढू लागली. सारखी ओढली असती तर तिची सवय तरी झाली असती. कधी सरळ जायची आणि कधी ब्रेक दाबताच रस्त्याच्या कडेला पळायची.

"बाबा, हे पुढच्या डाव्या चाकातून येते," मी म्हणालो.

बाबांनी चपला काढल्या, तळपाय गाडीच्या तळाशी टेकवले आणि आवाजाचा अंदाज घेतला. मग म्हणाले, "नाई. मांगून येऊन राहिला."

मला ते पटलं नाही. गाडी ओढते पुढून, मग आवाज मागून कसा येईल?

तुमसरला गेलो. मिस्त्री पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस होता, आणि त्याच्या हातावर आमचा विश्वास होता. "आवाज आयकवा," तो म्हणाला आणि मागे बसला. त्याचे दोन कारागीरही ऐकायला म्हणून मागेच बसले. मी गाडी नेली, ब्रेक दाबले, रेस दिली. आवाज नाही. गाडी अगदी सरळ चालली. मिस्त्री उतरला आणि माझ्याकडे पाहत राहिला. घरी परतताना गावाबाहेर पडलो, तोच 'टक'.

असं तीनदा झालं. चौथ्यांदा मिस्त्रीने आवाज न ऐकताच काम सुरू केलं. शॉकअप बदलले, पुढचे रबरी बुश बदलले, सुतळी लावून पुढची चाकं सरळ केली. बदललं की दोन दिवस आम्हाला वाटायचं, झालं. तिसऱ्या दिवशी तीच गत. धानाची पोती भरून गिरणीवर नेली की गाडी शहाण्यासारखी वागायची. रिकामी परत आणली की पुन्हा ओढ आणि आवाज. हे माझ्या ध्यानात येत होतं, पण त्यातून काय काढावं ते कळत नव्हतं. ओझ्याने गाडी बिघडायला हवी, ही सुधारत होती.

आत्या कारध्याला राहायची. तिच्याकडे जाताना भंडाऱ्यापुढे वैनगंगेच्या पुलावर समोरून ट्रक आला. मी ब्रेक दाबला आणि गाडी कठड्याकडे निघाली. कशीबशी सावरली. पलीकडे गेल्यावर बाबा म्हणाले, "हात बरोबर धरत जा ना. तुयाच हाताले ओढ आहे."

ते मला लागलं, आणि तेव्हापासून मलाही शंका येऊ लागली. वर्गात फळ्यावर लिहिताना ओळ खाली उतरते का, ते मी पाहू लागलो. सायकलवर बसलो की हँडल ढिलं सोडून बघायचो. एकदा बायकोला विचारलं, "मी चालताना एका बाजूला जातो काय?" ती हसली. बाबांच्या तळपायांवर माझा विश्वास नव्हता आणि त्यांचा माझ्या हातांवर नव्हता. त्या महिन्यात आम्ही एका ताटाशी बसून नुसतं भाजीपुरतं बोलत होतो.

आषाढात बपेऱ्याला एका नातेवाइकाला भेटायला निघालो. गाडीत आम्ही दोघंच. तेव्हा त्या रस्त्यावर मुरूम होता, पाऊस होऊन गेलेला होता आणि दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्यांमध्ये रोपं लावण्याचा रोवणा चालू होता. पुढे एक बैलबंडी थांबली होती. मी ब्रेक दाबला. 'टक' झालं, आणि गाडी रस्ता सोडून डावीकडच्या चिखलात उतरली. रोप लावणाऱ्या बाया उभ्या राहिल्या. आम्हाला कुणाला लागलं नाही, पण पुढची दोन्ही चाकं चिखलात रुतली होती.

बाबा चिखलात उतरले. "आता काय सांगशील?" ते म्हणाले.

"तुम्हीच चालवा मग," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी तसं बोललो. तेही दुसऱ्यांच्या बांधीत, परक्या बायांसमोर.

बंडीवाल्याने बैल सोडून आणले आणि गाडीला मागून दोर बांधला. गाडी रस्त्यावर आली. मी ती हळूहळू वीसेक पावलं पुढे नेली, नीट चालते का पाहायला. बांधीतली एक वयस्क बाई हातातले परहे, धानाची रोपं, तसेच धरून रस्त्याच्या कडेला आली होती. ती खाली पाहत होती.

"भाऊ, तुमची गाडी खेकड्यावानी चालते जी," ती म्हणाली.

मी उतरून पाहिलं. ओल्या मुरुमावर चाकांचे चार पट्टे उमटले होते. सरळ चालणाऱ्या गाडीचे दोनच दिसायला हवेत, मागचं चाक पुढच्याच्या खुणेवरून जातं. इथे मागची दोन्ही चाकं पुढच्यांच्या खुणा सोडून उजवीकडून गेली होती. तोंड एकीकडे, कंबर दुसरीकडे. मी बाबांना बोलावलं. ते वाकून पाहत राहिले. बाई परत बांधीत उतरली. तिला त्यात विशेष काही वाटलं नसावं.

बपेऱ्याला न जाता आम्ही वळलो. तुमसरला मिस्त्रीने दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत सुतळी धरली. उजव्या बाजूला तीन बोटं जास्त भरली. त्याने मागची उजवी कमान खोलली. पाटे एकत्र धरणारा मधला बोल्ट तुटून दोन तुकडे झाला होता. त्याच्यामुळेच मागच्या चाकांचा ॲक्सल आपल्या जागी राहतो. तो तुटल्यामुळे ब्रेक दाबला की ॲक्सलचं उजवं टोक मागे सरकून गाडीचं तोंड डावीकडे वळत होतं, रेस दिली की ते टोक पुढे येत होतं. मागे तीन माणसं बसली किंवा पोती टाकली की सगळं दबून घट्ट बसत होतं, म्हणून आवाज यायचा नाही.

मिस्त्रीने तुकडे हातात घेतले आणि कापसाने पुसत बसला. "पाटा वाढवला, पन बोल्ट जुनाच टाकलो," तो म्हणाला. "तो आखूड पडला." लांब बोल्ट शोधायला स्वतः बाजारात गेला. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. तोही आमच्यासारखाच महिनाभर पुढच्या चाकात डोकं घालून बसला होता.

परतताना गाडी उजवीकडे जाऊ लागली.

"आता काहून?" बाबांनी विचारलं.

मी थांबलो, उतरलो आणि मागे जाऊन पाहिलं. ओल्या कडेवर दोनच पट्टे होते. गाडीत काही बिघाड नव्हता. डावीकडची ओढ सावरायला माझे हात महिनाभर उजवीकडे ताण देत आले होते, आणि तो ताण अजून सुटला नव्हता. बाबांना ते सांगितलं, पण सांगताना माझी मलाच खात्री नव्हती.

"मंग ढिल्ला धर," ते म्हणाले. "हळू जाऊ."

घरी पोचायला सांज झाली. बायकोने दारातच विचारलं, "काय निघालं?" मी चपला काढत होतो.

बाबा तिला म्हणाले, "याची चूक नव्हती." माझ्याकडे न पाहता ते पाय धुवायला विहिरीकडे गेले.