अंबाडीचं दावं

मी जात्याच काळजीखोर. एसटी जरा उशिरा आली की मला ती घाटात कोसळलेली दिसायची. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण कुणीतरी तुझ्याकडं बघूनच केलीय, असं माय म्हणायची. त्यामुळे घोडीला शिकायला बाहेर ठेवायचं, असं अप्पांनी एका दुपारी जेवता जेवता जाहीर केलं, तेव्हा माझा घास हातातच राहिला.

धारूरच्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान होतं. घोड्याचा आणि आमचा संबंध वरातीपुरता. पण मामाच्या शेतावर एक घोडी व्याली आणि वितानाच गेली. मामानं ते तांबडं शिंगरू मायच्या पदरात टाकलं. माय शेतकऱ्याची लेक, तिला जनावराचं भारी वेड. तिनं आणि मी त्या पोरक्या पिल्लाला बाटलीनं गाईचं दूध पाजून जगवलं. ती मोठी झाली तसा आमचा एक खेळ ठरून गेला. गुळाचा खडा तळव्यावर ठेवून मी हात उंच धरायचा, आणि तिनं मान ताणून, ओठ लांबवून तो उचलायचा. हात वर गेला की ती अंगणाच्या कुठल्याही कोपऱ्यातून पळत यायची.

ते दिवस मोठे चमत्कारिक होते. गावात रंगीत टीव्ही आले, एसटीडीचे पिवळे बूथ आले, आणि आमच्या दुकानासमोरच रेडिमेडचं दुकान आलं. काचेत उभा केलेला प्लास्टिकचा माणूस पँट घालून दिवसभर अप्पांकडं बघत हसायचा. अप्पा फार सोशील. काही न घेता जाणाऱ्या गिऱ्हाइकालाही "या बरं पुन्यांदा" म्हणणारे. पण चारचौघांत आपला शब्द मागं पडतोय, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. माळावरच्या महादेवाच्या जत्रेत नाचणाऱ्या घोड्यांचा खेळ व्हायचा आणि पहिल्या आलेल्या घोड्याच्या मालकाला फेटा बांधायचे. तो फेटा अप्पांच्या डोळ्यांत भरला. आपल्याकडं घोडी आहे, देखणी आहे, फक्त शिकवायला हवी, एवढाच त्यांचा हिशोब.

मला मात्र एकच भीती होती. जी घोडी माझ्या हाताला येते, ती परक्याच्या हातून परत येईल तेव्हा तशीच येईल का?

आम्ही दोन ठिकाणं पाहिली. पहिलं कडा गावाच्या बाजूला, ऊसपट्ट्यात. पत्र्याची शेड, सगळीकडं लिदीचा वास, तोबऱ्यातले हरभरे टिपायला चिमण्यांची गर्दी. आम्ही आत शिरलो तशी सगळ्या घोड्यांनी तोंडं बाहेर काढली. तबेल्याचा मालक खोकत खोकत माहिती देत होता आणि अप्पा मान डोलवत होते. तेवढ्यात मागच्या एका काळ्या घोड्यानं मान लांब करून अप्पांच्या डोक्यावरची टोपी उचलली. खळ घातलेली, कडक इस्तरीची, पांढरीशुभ्र टोपी. घोडा ती पानासारखी चघळत उभा राहिला.

"लई खोडकर हाय त्यो," मालक हसत म्हणाला. "द्या हो सोडून. आन घोडी एवढ्यात आनू नका. दुधाचे दात पडू द्या तिचे. मग वरीसभर तरी लागंल."

अप्पा उघड्या डोक्यानं बाहेर आले. आमच्याकडं मोठ्या माणसानं बाजारात उघड्या डोक्यानं फिरणं म्हणजे सुतक असल्यासारखं. रस्ताभर रुमाल डोक्याला गुंडाळून बसले होते. "ज्याला सोताच्या घोड्याला शिस्त लावता येत न्हाई, त्यो आपल्या घोडीला काय शिकवनार?" एवढं म्हणाले आणि कड्याचं नाव काढायचं नाही असं ठरून गेलं.

दुसरं ठिकाण गेवराईच्या पुढं, हायवेला लागून. तिथं फरशी होती. फरशीला फिनेलचा वास होता. आणि घोड्यांच्या डोक्यावर पंखे होते! आमच्या घरात तेव्हा एकच पंखा, तोही लाईट असली तर फिरायचा. मालकाच्या कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे. अप्पांच्याही कपाळावर तेच. झालं, अप्पा विरघळले. चहा आला, फरसाण आलं, थंडगार बाटल्या आल्या.

मी एकटीच तबेल्यात फिरून आले. काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण काय ते कळत नव्हतं. मग लक्षात आलं. एकाही घोड्यानं तोंड बाहेर काढलं नव्हतं. सगळे मागच्या भिंतीकडं तोंड करून उभे.

"अप्पा, हितं एकबी घोडं पुढं येत न्हाई," मी हळूच म्हटलं.

"शिस्त हाय ती," अप्पा म्हणाले. त्यांचा हात आपोआप नव्या टोपीकडं गेला.

दिवाळी झाल्यावर आम्ही घोडीला टेम्पोत घालून तिथं नेलं. मायनं तिच्यासाठी स्वतःच्या हातानं अंबाडीचं दावं वळलं होतं. मानेला काचू नये म्हणून त्यावर आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती. तिथल्या माणसानं ते दावं सोडलं, घोडीला निळी नायलॉनची दोरी बांधली आणि आमचं दावं अप्पांच्या हातात दिलं. अप्पांनी ते घेतलं. दिलेली वस्तू नाही म्हणायची त्यांना सवयच नव्हती.

"आता तीन म्हैने हिकडं फिरकायचं न्हाई," मालक म्हणाला. "मालक दिसला की जनावर शिकल्यालं इसरतं."

घोडीनं आमच्यामागं एकदा खिंकाळून बघितलं. परतीच्या एसटीत अप्पांच्या मांडीवर ते दावं वेटोळं होऊन पडलं होतं, आणि मी सगळी वाट खिडकीबाहेर बघत रडत आले.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. आठवड्यातून एकदा अप्पा बूथवर जाऊन फोन करायचे. मी रिसीव्हरला कान लावायचा प्रयत्न करायची. पलीकडून दर वेळी तेच यायचं, "लई भारी चाललंय. पाय उचलाया लागली." खाते का, असं मी विचारायला लावायची. "खाते की! कावून न्हाई खानार?" अप्पा खूश होऊन घरी यायचे आणि मी आणखी खंगायची. तिला हरभरा भिजवून लागतो, कोरडा दिला तर खोकते. हे तिथं कुणाला सांगितलंय का? पंखा तिच्या डोक्यावर पडला तर? अभ्यासाचं पुस्तक उघडलं की अक्षरांच्या जागी भिंतीकडं तोंड केलेले घोडे दिसायचे.

संक्रांतीच्या आधी दुकानाची झाडझूड निघाली. माय गठ्ठे हलवत होती. खालच्या फळीवर, मांजरपाटाच्या ताग्यामागं तिच्या हाताला ते दावं लागलं. अप्पांनी तिथं लपवून ठेवलं होतं. म्हणजे दावं परत घेतलं ते चुकलं, हे त्यांना वाटेत कधीतरी कळलं होतं, फक्त सांगायची छाती झाली नव्हती.

आमच्या भागात जनावर विकलं की दावं देत नाहीत. जनावर जातं, दावं मालकाच्या घरी राहतं, म्हणजे गोठ्यातली लक्ष्मी राहते. विकलेल्या जनावराचंच दावं घरी येतं. हे शेतकऱ्याच्या घरात शेंबड्या पोरालाही कळतं. कापडवाल्याला ते दावं हातात घेताना कसं सुचावं?

माय दावं हातात घेऊन दुकानाच्या पायरीवरच बसली. "इकली का हो तुमी तिला?"

"इकली न्हाई गं. त्यांनी दिलं, मी घेतलं."

"मंग आता ती तुमची ऱ्हायली न्हाई. तुमी सोताच्या हातानं तिला सोडून आलाव." मायचा आवाज चढला नाही, पण डोळे भरले. "हे दावं तिच्या गळ्यात जाईस्तोवर मी अन्नाला शिवनार न्हाई."

अप्पांनी समजावून बघितलं. जुन्या समजुती आहेत, काही होत नाही. मायनं तोंड फिरवलं. मी मनातून त्या दाव्याचे आभार मानत होते. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं अप्पा आणि मी निघालो. न कळवता.

फाटकावर कुणी नव्हतं. आतून हलगीची कॅसेट कर्कश वाजत होती. आवाजाच्या रोखानं आम्ही तबेल्याच्या मागं गेलो.

दोन खांबांच्या मध्ये आमची घोडी होती. दोन्हीकडून दोरी ताणून बांधलेली, मान हलवायची सोय नाही. पायांखाली पत्रा. समोर एक माणूस हातात बांबूची कांब घेऊन उभा. हलगीच्या ठेक्याला त्याचा हात वर जायचा आणि कांब तिच्या नडगीवर बसायची. ती पाय उचलायची. पुन्हा हात वर, पुन्हा दुसरा पाय. काही वेळानं कांब लागलीच नाही. नुसता हात वर गेला आणि तिनं पाय उचलला.

"बघा!" आम्हाला बघून मालक धावत आला. "नुसत्या हातावर नाचाया लागली. मार न्हाई हो हे आप्पा, शिक्षान हाय. अजून थोडे दिवस द्या."

अप्पा ओरडतील असं मला वाटलं. ते ओरडले नाहीत. ते सरळ खांबापाशी गेले आणि गाठ सोडायला लागले. नायलॉनची गाठ सुटेना. मग त्यांनी बंडीच्या खिशातली कापड कापायची कात्री काढली आणि दोऱ्या कापल्या. घोडीच्या गळ्यात मायचं दावं घातलं.

"आप्पा, आसं कसं करता? जत्रा तोंडावर आली."

"दावं द्यायचं ऱ्हायलं होतं," अप्पा म्हणाले. "ते द्यायला आलतो."

वरून कीर्तन आणि आतून तमाशा, असं मी त्या पंख्यांकडं बघत मोठ्यानं म्हटलं. हायवेवर टेम्पो मिळेपर्यंत आम्ही तिला चालवत नेलं. ती मध्ये होती. तिच्या नडग्यांवरचे केस गेले होते आणि ती कुणाकडंच बघत नव्हती.

धारूरला पोचलो तर गल्ली गोळा झालेली. माय अंगणात गूळ घेऊन उभी होती. मी तिच्या हातातला खडा घेतला, तळव्यावर ठेवला आणि रोजच्यासारखा हात उंच धरला.

घोडीनं माझ्या हाताकडं पाहिलं. तिच्या अंगावर शहारा आला आणि तिनं पाय उचलला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला. डोळे पांढरे करून ती माझ्यासमोर नाचायला लागली.

"आरं वा! लई भारी शिकली की!" कुणीतरी ओरडलं. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी ती आणखी जोरात पाय आपटायला लागली. मला हात खाली घ्यायचंही सुचेना. माझ्या मनानं आजवर जेवढं वाईट चिंतलं होतं, त्यात हे कधी आलं नव्हतं.

"हात खाली कर," अप्पा मला म्हणाले. मग माझ्या आयुष्यात पहिल्यांदा ते ओरडले, "सगळ्यांनी हात खाली करा!"

त्यानंतर आमच्या घरात कुणी हात वर केला नाही. माय कपडे अंगणात न वाळवता परसदारी वाळवायची. मी केस घरात जाऊन विंचरायची. अप्पा तिच्याजवळ जाताना दोन्ही हात पाठीमागं बांधून जायचे, मास्तरांसमोर उभ्या राहिलेल्या पोरासारखे. जत्रा आली आणि गेली. फेटा दुसऱ्या कुणाला तरी बांधला. अप्पा तिकडं फिरकलेही नाहीत. घोडी खायची, प्यायची, पण भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. गूळ मी जमिनीवर ठेवायची आणि मागं सरायची. मी गेल्यावर ती खायची. ती आता अशीच राहणार, हे मी मनाशी धरलं होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी अप्पा दुकानात जाण्याआधी तिच्या पुढ्यात पाण्याचं घमेलं ठेवायला वाकले. डोक्यावर नुकतीच इस्तरी केलेली टोपी. मी ओसरीवर दात घासत होते. घोडीनं भिंतीकडची मान वळवली. जरा वेळ नुसती बघत राहिली. मग ओठ लांबवून तिनं अप्पांची टोपी उचलली.

अप्पा वाकलेलेच राहिले. हात पाठीमागंच.

"अप्पा, टोपी," मी म्हटलं.

"गप बस," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मागू नको तिला."

तिनं ती टोपी निवांत चघळली, तिचा पार लगदा केला आणि अप्पांच्या पायाशी टाकली. अप्पांनी ती उचलली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मायनं दुसरी टोपी आणून दिली, ती त्यांनी घेतली नाही. तीच ओली, चुरगळलेली, हिरवी लाळ लागलेली टोपी डोक्यावर ठेवून ते बाजारपेठेतून दुकानात गेले, आणि दिवसभर जो जो विचारेल त्याला सांगत राहिले, "घोडीनं खाल्ली. आमच्या घोडीनं."