चुकलेला डोस

बीएस्सी झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत. काम उंदरांना डोस पाजण्याचं. आई आमच्या कॅम्प दोन वसाहतीतल्या शेजारणींना 'लॅबमध्ये आहे' एवढंच सांगायची.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. एका कंपनीने पांढरी पावडर तपासायला पाठवली होती. मसाल्यात आणि औषधाच्या गोळ्यांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून ती घालायची होती. इतकी बारीक, की डबा उघडला की धुरासारखी वर यायची. अशा कणांना आता नॅनो म्हणतात. तो शब्द तेव्हा आमच्यापर्यंत आला नव्हता. ती रोज पोटात गेली तर काय होतं, हे तीन महिने पाहायचं होतं. पांढऱ्या उंदरांचे चार गट केले होते. एका गटाला नुसतं पाणी, बाकीच्यांना पाण्यात कालवलेल्या पावडरचा कमी, मध्यम आणि जास्त डोस.

उंदरांची खोली सांभाळायला जवळच्या जांभूळ गावचे एक पन्नाशीचे गृहस्थ होते. सगळे त्यांना मामा म्हणत. रोज सकाळी ते एकेक उंदीर काढून द्यायचे. मी डाव्या हाताने त्याची मान धरायचे आणि टोकाला मणी असलेली बोथट सुई तोंडातून पोटापर्यंत सरकवायचे.

दुसऱ्या महिन्यात एकदा, जास्त डोसच्या गटात, सुई जराशी अडली. तिथेच थांबायला हवं होतं. मी ती पुढे रेटली आणि सिरिंज रिकामी केली. उंदीर ताठ झाला, नाकाशी फेस आला आणि दोन मिनिटांत माझ्या हातातच मेला.

मामांनी मेलेला उंदीर ट्रेमध्ये ठेवला. मी रजिस्टरमध्ये वेळ लिहिली. कारणाचा रकाना कोरा ठेवला.

थोड्या वेळाने आमचे विभागप्रमुख आले. "जास्त डोसमधला पहिलाच," ते म्हणाले. "पावडरमुळे गेला असणार. कंपनीला कळवावं लागेल."

मी मान हलवली. खोटं बोलायची वेळच आली नव्हती, नुसतं गप्प राहिलं की झालं.

सर गेले. मामा पिंजऱ्यातला भुसा बदलत म्हणाले, "ताई, पोटात गेलं असतं तर इतक्यात मेला नसता."

"माहीत आहे, मामा."

"मग सांगा की. मी सांगितलं तर ती चुगली होईल."

मी सरांच्या खोलीत गेले. "सर, सुई श्वासनलिकेत गेली. चूक माझी आहे."

त्यांनी चष्मा काढला. "नक्की?"

"फुप्फुसं उघडून बघा."

त्यांनी माझ्यासमोरच उघडली. आत पांढरं पाणी होतं. मग रजिस्टर माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तुमच्याच हाताने लिहा. खाली सही करा. उद्यापासून महिनाभर फक्त वजनं घ्यायची."

त्या महिन्यात मामा रोज जेवणाच्या सुट्टीत एखादा जादा उंदीर काढून द्यायचे आणि मी साध्या पाण्यावर हात बसवायचे.

चूक झाली त्या संध्याकाळी घरी जेवताना एक गोष्ट लक्षात आली होती. दिवसभर मला नोकरीचीच भीती वाटली होती. उंदराचा विचार एकदाही मनात आला नव्हता.

तीन महिने पूर्ण झाल्यावर उरलेले सगळे उंदीर आम्ही ईथरने मारले, यकृतं आणि मूत्रपिंडं तपासली. वेगळं काही आढळलं नाही. माझ्या चुकीला अहवालात एक ओळ मिळाली.