मादामचं काळं पदक

इथे परदेशात, ब्रॉसार्डला आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या बाई मूळच्या मार्तिनिक बेटावरच्या. आम्ही त्यांना मादाम म्हणतो. ऑपरेशनला जाताना त्यांनी एक काळंकुट्ट पदक माझ्या हातात ठेवलं. "घर रिकामं राहणार. हे तुझ्याकडे असू दे." मी ते क्रुसाच्या फळीवर ठेवलं आणि कामाला लागले.

नाताळ तोंडावर आला की पितळेचं सगळं चिंचेनं घासायचं, हा वसईहून आलेल्या माझ्या आईचा नेम. त्यात तिनं पदकही घासलं. "बघ, माउली कशी उजळली!" पदकावर एक उभी बाई हात पुढे करून, तिच्या पायाशी फळांची टोपली घेतलेली दुसरी, गुडघे टेकून. आईला वाटलं, मारियामाता कुणाला दर्शन देतेय. कडेची फ्रेंच अक्षरं वाचली आणि मी हबकले. उभी होती ती फ्रान्स. गुडघ्यावर बसलेलं मादामचं बेट. फ्रान्सनं बेट ताब्यात घेतल्याला तीनशे वर्षं झाली, त्या सोहळ्याचं पदक.

"विचारायचं तरी, आई!" मी ओरडलेच. मादाम घरी यायच्या त्या दिवशी मला एका जागी बसवेना. लिफ्ट वाजली की उठून उभी. खिडकी, दार, परत खिडकी. आई म्हणाली, "बस गं, भोवरा झालीयेस नुसती."

मादाम आल्या. पदक हातात घेतलं, उलटसुलट केलं. मग फ्रेंचमध्ये हळू म्हणाल्या, "वडिलांना शाळेत वाटलेलं हे. आजीनं मुद्दाम चुलीच्या धुरावर धरलं. म्हणाली, हिला अशी गुडघ्यावर बसलेली माझ्या घरात कुणी बघायचं नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी आईला सगळं मराठीत सांगितलं. तिचे डोळे भरून आले. "त्यांना सांग, त्यांना बरं वाटावं म्हणून मी रोज हिच्याकडे मागणं केलंय."

"कुणाकडे?" मी सांगितल्यावर मादामनी विचारलं.

आईनं गुडघे टेकलेल्या बाईवर बोट ठेवलं. "हिच्याकडे. माउलीशी थेट बोलायला मी कोण? हिलाच म्हटलं, बाई, तू जवळ आहेस, तू सांग."

मी ते फ्रेंचमध्ये सांगितलं. मादामनी उभ्या फ्रान्सला अंगठ्याखाली झाकलं आणि टोपलीवालीला खिडकीच्या उजेडात नेलं.