गाईडसरांच्या घरचं जेवण

"परभणीकडं खायला मिळतं तरी काय?" असं कुणी नाक मुरडून म्हटलं की गाईडसर भडकायचे. "नावं ठेवायला तोंड उघडता, तेवढ्यात एक घास घाला की," म्हणत आणि त्या माणसाला येत्या रविवारी सोबत घेऊनच जात.

सत्तरच्या दशकात मी साताऱ्याकडून इकडच्या हायस्कुलात नोकरीला आलो, तेव्हा इतिहास शिकवणाऱ्या या सरांनी मलाही तसंच धरलं. आम्ही मास्तर मंडळी पिंगळी स्टेशनात गाडीत बसायचो आणि ते नेतील तिथं जायचो. परभणीत एका चाचांच्या हॉटेलात खिचडी आणि चिंचेचा खट्टा, राणीसावरगावला मटणाचा लालभडक रस्सा, थंडीत बोरीच्या शेतात हुरडा. "जिल्हा नकाशात बघू नका, ताटात बघा," हे त्यांचं नेहमीचं. खाताना स्वतःच्या आधी दुसऱ्याच्या ताटाकडं लक्ष. हेडमास्तर तर बोटं चाटत म्हणायचे, "सर, तुम्ही नसता तर आमचं काही खरं नव्हतं."

मग सरांनी बौद्धवाड्यात नवं घर बांधलं. सर बौद्ध आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि हॉटेलात त्याची कुणाला अडचण नव्हती. त्यांनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. "इतके दिवस लोकाच्या हातचं खाऊ घातलं, आता माझ्या घरचं खा." वहिनींनी पहाटेपासून खपून धपाटे, येसराची आमटी, शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या होत्या.

मंडळी आली. भिंती ठोकून बघितल्या, वा वा केलं. ताटं मांडल्यावर हेडमास्तर म्हणाले, "माझा आज उपवास आहे." मागोमाग एकेकाचा उपवास निघाला. ना एकादशी, ना चतुर्थी. अरे, खोटंच बोलायचं तर निदान पंचांग तरी बघून या.

सर हसले. "वाटलंच मला. उपवासाचं बी केलंय." वहिनींनी भगर आणि दाण्याची आमटी आणून ठेवली. आता पळायला वाट नव्हती. तर हे हेडमास्तर महाशय म्हणतात, "माझा निर्जळी आहे." आणि ओठ पानानं लाल! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ताटावर बसलो आणि बसल्या बसल्या त्यांना नाही नाही ते बोललो. सरांनी माझा हात दाबला. "जेवताना भांडू नये, सर. लय कष्टानं केलंय तिनं." वहिनी भरलेली ताटं एकेक करून आत नेत होत्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत हेडमास्तर निर्लज्जासारखे विचारतात, "काय गाईडसर, येत्या रविवारी कुठं?"

"तुमी जावा की," सर शांतपणे म्हणाले. "रस्ता दावलाय मी."

आणि हेडमास्तर चाचांकडं गेले हो. चाचांनीच मला नंतर सांगितलं. सर का आले नाहीत असं त्यांनी विचारलं, तर म्हणाले, "त्यांना काम आहे," आणि आणखी खट्टा मागून घेतला. सर मात्र पुन्हा कधी कुणाला कुठं घेऊन गेले नाहीत. वर्षभरात बदली मागून निघूनही गेले.

हेडमास्तर आता हयात नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार.